प्रोफाउंडचा पाचवा अर्थ

इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासायची एकच पद्धत होती आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. लांब टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं बसत. एकाच्या पुढ्यात मूळ हस्तलिखित, दुसऱ्याच्या पुढ्यात छापखान्याकडून आलेलं मुद्रित. पहिल्याने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकत ऐकत छापलेल्या ओळीवरून पेन्सिल फिरवायची. शब्द, स्वल्पविराम, कंस, ठळक अक्षरं, काही म्हणता काही सोडायचं नाही. एक नोंद संपली की वाचणाऱ्याने विचारायचं, "आहे?" आणि ऐकणाऱ्याने म्हणायचं, "आहे." मग पुढची नोंद.

नव्याने आलेल्यांना हा पोरखेळ वाटे. मग त्यांना समजावून सांगावं लागे, की बाबांनो, चुकलेलं अक्षर डोळ्याला खुपतं, पण जी ओळ छापलीच गेली नाही ती डोळ्याला खुपणार कशी? ती कानालाच पकडावी लागते. एवढं सांगून झालं की नवी मंडळी माना डोलवत आणि दुसऱ्या दिवसापासून तीही "आहे?" "आहे" करू लागत.

ऐकणाऱ्याच्या खुर्चीत गेली एकोणीस वर्षं पाणबुडे बसत होते. हे त्यांचं आडनाव नव्हे. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायला गेलेला माणूस त्यांच्या टेबलावरून तासाभराने सुटे, कारण शब्दाच्या तळाला हात लावल्याशिवाय हे गृहस्थ वर येतच नसत. म्हणून कुणीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. एका नव्या कारकुनाने तर रजेच्या अर्जावर चक्क 'श्री. पाणबुडे यांस' असं लिहून दिलं होतं. त्यांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करून अर्ज मंजूर केला, नावाला हात लावला नाही. निवृत्तीचं वय उलटून नऊ वर्षं झाली होती. तिसरा खंड पूर्ण होईपर्यंत राहा, असं कचेरीने सांगितलं होतं आणि ते राहिले होते. घरी बसून करायचं काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता, कारण उत्तर त्यांना माहीत होतं.

समोर बसून वाचायच्या त्या वाचनबाई. पंचावन्न वर्षांच्या, आवाज खणखणीत, उच्चार असे स्वच्छ की स्वल्पविरामसुद्धा वेगळा ऐकू यावा. दोघांची जोडी एकोणीस वर्षांची. एकमेकांच्या घरी चारदोनदाच गेले असतील, पण बाई सर्दी झाली की कोणत्या अक्षरावर अडखळतात हे पाणबुड्यांना ठाऊक होतं आणि सर कोणत्या चुकीवर चिडतात हे बाईंना.

ठाऊक होतं म्हणजे पूर्वी. कारण खरी गोष्ट अशी, की पाणबुड्यांना बाईंचा आवाज ऐकू येईनासा होऊन तीनेक वर्षं झाली होती.

एकदम गेलं नाही ते. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग दुसऱ्या खोलीतलं बोलणं, मग बायकांचे नि मुलांचे आवाज. प्रत्येक वेळी त्यांनी स्वतःची समजूत घातली. घड्याळ जुनं झालं, लोक हल्ली पुटपुटतात, पंख्याचा आवाज फार. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार कुणी नाही, आणि हे तर शब्दांचे जाणकार. हळूहळू त्यांनी सगळ्या युक्त्या शिकून घेतल्या. आपणच बोलत राहायचं, म्हणजे समोरच्याला संधी मिळत नाही. चारजण हसले की हसायचं. आणि काहीच कळलं नाही तर मान हलवून म्हणायचं, "बरोबर आहे." जगातल्या निम्म्याअधिक बोलण्याला हे उत्तर चालून जातं, असा त्यांचा अनुभव होता.

मुद्रितांचं काय, तर अर्ध्या नोंदी त्यांनीच लिहिलेल्या. कागद दिसला की पुढचं पाठ असल्यासारखं समोर येई. बाईंचे ओठ हलत, यांची पेन्सिल चाले. शिवाय बाईंना अलीकडे एक चाळा लागला होता. अर्थाचा नवा क्रमांक आला की त्या पेन्सिलीच्या बुडाने टेबलावर एक ठोका देत. पहिला अर्थ, ठोका. दुसरा अर्थ, ठोका. तो लाकडातून यांच्या तळव्यापर्यंत पोचे आणि आपण कुठे आहोत ते कळे. वयोमानाप्रमाणे माणसाला असे चाळे लागतात, असं पाणबुड्यांनी मनाशी म्हटलं होतं. पण बसताना डावा तळवा टेबलावर सपाट ठेवायचा, हेही त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

अशा रीतीने तिसऱ्या खंडाचे चव्वेचाळीस फर्मे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे गठ्ठे, तपासून झाले. प्रत्येक फर्म्यावर 'तपासले' म्हणून दोन सह्या, एक बाईंची, एक त्यांची. सोमवारपासून छपाई सुरू व्हायची होती.

त्याच्या नऊ दिवस आधी, शनिवारी, घरी एक प्रकार घडला.

लेक बाजारात गेली होती. घरात पाणबुडे आणि आठ वर्षांची नात. ते बाहेरच्या खोलीत पुढच्या खंडातल्या शब्दांच्या चिठ्ठ्या क्रमाने लावत बसले होते. नात न्हाणीघरात गेली आणि आतली कडी अडकली. न्हाणीघर त्यांच्या खुर्चीपासून बारा पावलांवर. पोरीने हाका मारल्या, रडली, दार बडवलं. पाऊण तासाने लेक परत आली तेव्हा जिन्यातच तिला आवाज ऐकू आला. ती धावत वर आली, सुरीने कडी उचकटून दार उघडलं, पोरीला बाहेर काढलं. पोरीचे दोन्ही तळवे लालबुंद झाले होते. आणि बाहेरच्या खोलीत वडील शांतपणे चिठ्ठ्या लावत होते.

नात त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ती त्यांच्यावर रागावली नव्हती. नुसतं म्हणाली, "आजोबा, मी किती हाका मारल्या तुम्हाला."

पाणबुड्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर आहे."

मग त्यांना लेकीचा चेहरा दिसला, पोरीचे हात दिसले आणि आपण काहीतरी भयंकर बोललो आहोत एवढं कळलं. काय ते लेकीने कागदावर लिहून दाखवलं. ते वाचून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ परत घातला नाही. नंतर लेकीने विचारलं, ओठ नीट हलवून विचारलं, "बाबा, गुरुवारी कान दाखवायला जायचं?" या खेपेला त्यांनी मान हलवली ती समजून हलवली.

कान तपासणारी मुलगी तरुण होती. तिने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर पट्टा चढवला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पाणबुड्यांनी पाहिलं, काचेपलीकडे ती यंत्राची चकती फिरवते तेव्हा तिचा खांदा किंचित उचलला जातो. खांदा उचलला की हे बटण दाबत. पहिली पाच मिनिटं निकाल इतका उत्तम आला की मुलगी चक्रावली. मग तिच्या ध्यानात आलं. ती आत आली, काही न बोलता त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि परत जाऊन बसली.

भिंत पांढरी होती. पाणबुडे तिच्याकडे पाहत बसले. बटणावर अंगठा तयार होता. खूप वेळाने उजव्या कानात लांबून काहीतरी आल्यासारखं वाटलं, ते त्यांनी दाबलं. डाव्या कानात काही आलंच नाही. इतकी वर्षं ते 'गाढ शांतता' या शब्दजोडीची उदाहरणं गोळा करत होते, आज ते तिच्यात बसले होते आणि त्यांना भीती वाटत होती.

डॉक्टरांनी अहवाल हातात दिला. वर दोन कानांचे आलेख, खाली इंग्रजीत दोन ओळी. उजवा कान, सिव्हिअर. डावा कान, प्रोफाउंड.

आता खरं तर कुणाचाही धीर खचावा असा तो कागद. पण कोशकाराची जातच वेगळी. घराला आग लागली तर ती लागली म्हणावं की भडकली म्हणावं, हे तो आधी ठरवील. पाणबुड्यांनी कागद वाचला आणि त्यांना जुनं ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. प्रोफाउंडची नोंद त्यांचीच. बावीस वर्षांपूर्वी या एका विशेषणापायी त्यांनी अकरा दिवस घालवले होते. डीप हा सख्खा भाऊ, पण दोघांचं वागणं निराळं. विहीर डीप असते, तिला कुणी प्रोफाउंड म्हणत नाही. जखम डीप, खिसा डीप. प्रोफाउंड म्हणायचं ते झोपेला, शांततेला, विचाराला, दुःखाला. त्यांनी तेव्हा चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून ठेवलं होतं, की दोर टाकला तर तळाला लागेल ते डीप आणि दोर पुरणार नाही ते प्रोफाउंड. त्या वेळच्या संपादकांनी 'काव्य नको' असा शेरा मारून ते खोडलं होतं.

"यात काय लिहिलंय ते सांगू का समजावून?" डॉक्टरांनी लिहून विचारलं.

"नको," पाणबुडे म्हणाले. "मला माहीत आहे हा शब्द. पाचवा अर्थ आहे."

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं. लेक खिडकीकडे पाहत होती.

उजव्या कानाला यंत्र लावून थोडंफार येईल, डाव्याचं आता काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. लेकीने रिक्षा थांबवली, घरी चला म्हणाली. पाणबुडे कचेरीकडे वळले. त्यांना तो पाचवा अर्थ छापील अक्षरात बघायचा होता. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हॉस्पिटलच्या कागदावर एक शब्द आपल्याला येऊन चिकटला आहे, तो आपल्याच कोशात नीट, क्रमांक घालून, उदाहरणासकट बसलेला पाहिला तर तेवढाच जरा धीर येईल, असं काहीतरी असावं.

दुपारचे बारा वाजले होते. बाई डबा धुवायला गेल्या होत्या. त्यांनी कपाटातून सदतिसावा फर्मा काढला, पान उघडलं.

एक, खोल. दोन, गाढ. झोप, शांतता, निःश्वास यांविषयी. तीन, सखोल, गहन. विचार, ज्ञान यांविषयी. चार, तीव्र, उत्कट. दुःख, आदर यांविषयी. त्याखाली पुढची नोंद, प्रोफंडिटी.

पाचवा नव्हता.

दुसऱ्या स्तंभाच्या डोक्यावर गेला असेल म्हणून त्यांनी तिथे पाहिलं. पान उलटून पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग मूळ हस्तलिखिताचा गठ्ठा काढला. तिथे तो होता, त्यांच्याच हस्ताक्षरात. 'पाच, वैद्यक. बहिरेपणा, अपंगत्व इत्यादींविषयी: अतितीव्र, जवळजवळ पूर्ण.' शेजारी बाईंची तांबडी खूण, म्हणजे त्यांनी तो वाचला होता. आणि मुद्रितावर नोंदीच्या शेवटी पेन्सिलीची बारीक खूण होती. ती पाणबुड्यांची. तिचा अर्थ एकच, आहे.

छापखान्यात पान जुळवताना स्तंभ बदलला तिथे ती ओळ गळाली होती. असं होतं. असं होतं म्हणूनच तर टेबलाला दोन खुर्च्या होत्या.

पाणबुडे बसले आणि त्यांना तो दिवस आठवला. सहा आठवडेही झाले नव्हते. आपली आवडती नोंद म्हणून ते जरा खुशीत होते. तळव्याला ठोके लागत होते. एक, दोन, तीन, चार. चौथा अर्थ संपला, पेन्सिल पुढच्या नोंदीवर आली. आणि मग आणखी एक ठोका आला. पाचवा. तो त्यांना कळला होता. बाईंचं काहीतरी चुकलं, असं त्यांना वाटलं होतं. बाईंनी वर पाहिलं, त्यांच्या ओठांवर 'आहे?' दिसलं आणि यांनी मान हलवून म्हटलं होतं, "आहे."

नुसतं ऐकू आलं नाही, एवढंच असतं तर गोष्ट वेगळी. त्यांना कळलं होतं आणि तरी त्यांनी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बाईंनी पुन्हा वाचलं असतं, यांना पुन्हा ऐकू आलं नसतं आणि मग सगळंच उघडं पडलं असतं. त्या एका क्षणात त्यांनी कोश सोडला आणि खुर्ची धरली. हे त्यांनी स्वतःशी अगदी याच शब्दांत म्हटलं.

आणि हे एका ओळीचं झालं. चव्वेचाळीस फर्म्यांवर त्यांची सही होती.

ते अशा विचारात असतानाच मुख्य संपादक आत आला. पंचेचाळिशीचा, पंधरा वर्षांपूर्वी याच टेबलावर पाणबुड्यांच्या हाताखाली शिकलेला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तो बराच वेळ बोलला. छपाई, सोमवार, पेढे असे काही आकार पाणबुड्यांना त्याच्या ओठांवर ओळखू आले. शेवटी त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं.

पाणबुड्यांची मान हलली. सवयीने हलली. तो हसून निघून गेला.

मार्ग सोपा होता. सदतिसाव्या फर्म्यावर पाचवा अर्थ समासात लिहायचा, छापखान्याला निरोप पाठवायचा, ऐन वेळी माझ्या लक्षात आलं म्हणायचं. वर शाबासकी. पाणबुड्यांसारखी नजर कुणाला नाही, असं बोललं गेलं असतं. सोमवारी छपाई सुरू, खंड बाहेर, आणि बाकीच्या फर्म्यांत गळालेलं काय असेल ते पुढे वाचणाऱ्यांचं नशीब. त्यांनी पेन्सिलही हातात घेतली. पण त्यांच्या डोळ्यांपुढून ते लालबुंद तळवे हलेनात. कुणीतरी कोश उघडील, आपल्याला हवा तो शब्द शोधील आणि तो तिथे नसेल. आपली हाक ऐकली गेली नाही, हे त्या माणसाला कधी कळणारही नाही.

बाई आल्या. पाणबुड्यांनी मुद्रित आणि हस्तलिखित त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवलं आणि दोन्हींवर बोट टेकवलं. बाईंनी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या खुर्चीत बसल्या.

"बाई, एक विचारतो," पाणबुडे म्हणाले. "तुम्ही टेबलावर ठोके का देता?"

 बाईंनी कागद ओढला, पण लिहायच्या आधी थांबल्या आणि त्यांच्याकडे सरळ तोंड करून सावकाश बोलल्या, एकेक शब्द दिसेल असा. "तुम्हाला कळावं म्हणून."

"कधीपासून माहीत होतं?"

बाईंनी तीन बोटं दाखवली.

"तीन महिने?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. पाणबुड्यांनी टेबलाकडे पाहिलं. तीन वर्षं. तीन वर्षं ही बाई रोज सात तास त्यांच्यासमोर बसून, वर मान करून, ओठ दिसतील असं वाचत होती आणि त्यांना वाटत होतं की आपण तिला फसवतो आहोत.

"सांगितलं का नाहीत कुणाला?"

हे बाईंनी लिहिलं. 'सांगितलं असतं तर तुम्हाला घरी बसवलं असतं. मला वाटलं ठोके पुरतील.' थोडं थांबून त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली. 'तुम्ही आहे म्हणालात की मला हायसं वाटायचं. खरं आहे का ते मी पाहिलं नाही. माझीही सही आहे.'

पाणबुड्यांनी तो कागद दोनदा वाचला. त्यांना बाईंचा राग आला, स्वतःचा आला, आणि मग दोन्ही राग एकदमच विरले. इतक्या मायेने त्यांना कुणी सांभाळलं नव्हतं आणि त्या मायेनेच कोशाचं नुकसान केलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ते उठले.

"मी येऊ का?" बाईंनी विचारलं. हे त्यांना ओठांवरून नीट कळलं.

"नको. मान मी हलवली होती."

संपादकाच्या खोलीत त्यांनी दार लावून घेतलं आणि बसले नाहीत. "मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "तीन वर्षांपासून. या खंडाचे सगळे फर्मे मी न ऐकता तपासलेत. एक ओळ गळालेली सापडली आहे. किती गळाल्यात मला सांगता येणार नाही. छपाई थांबव."

आपला आवाज किती मोठा लागतो हे त्यांना कळत नव्हतं. बाहेरच्या दालनात सगळ्यांनी ते ऐकलं.

 संपादकाने त्यांनी पुढे ठेवलेला अहवाल वाचला, मुद्रित पाहिलं, पुन्हा अहवाल पाहिला. मग तो उठून खिडकीशी गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून काही बोलला. पाठमोऱ्या माणसाचं बोलणं पाणबुड्यांना कळणं शक्य नव्हतं, आणि या वेळी त्यांनी मान हलवली नाही. तो वळला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि चेहरा रागाने ताठ झाला होता. त्याने फोन उचलला आणि छापखान्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीची बैठक झाली. खंड दोन महिने पुढे गेला. मुखपृष्ठाच्या मागच्या पानावर तपासणी म्हणून पाणबुड्यांचं खरं नाव यायचं होतं, ते काढलं. त्यांनीच काढायला सांगितलं असं नंतर कुणी म्हणालं, पण ते खरं नाही. संपादकाने काढलं, त्यांनी हरकत घेतली नाही. चव्वेचाळीस फर्मे पहिल्यापासून तपासायचे ठरले. ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर कुणी बसायचं, यावर चर्चा अडली. त्या कामाला बसेल असं तयार माणूस कचेरीत एकच होतं आणि ते वाचणाऱ्याच्या खुर्चीत होतं.

तेव्हा बाई उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षांत बैठकीत त्या कधी बोलल्या नव्हत्या. "ऐकायला मी बसते," त्या म्हणाल्या. "सरांना वाचू द्या. वाचायला कान लागत नाहीत."

 संपादक म्हणाला, "या खंडापुरतं."

सोमवारी सकाळी पाणबुडे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. उजव्या कानात नवं यंत्र होतं. त्यातून पंख्याची घरघर आणि खुर्च्यांचा खरखराट येई, माणसाचं बोलणं मात्र पाण्याखालून आल्यासारखं अर्धवट. खिडकी आता डाव्या हाताला आली होती आणि बाईंच्या डोक्यामागची भिंत त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. खूण ठरली. बाईंनी एक ठोका दिला तर आहे, दोन दिले तर नाही.

वाचणं सोपं नव्हतं. त्यांचा आवाज कधी फार चढे, कधी इतका उतरे की बाईंना हात वर करावा लागे. दालनातल्या मंडळींना आपलं काम करताना दिवसभर कोश ऐकावा लागला. कुणी कुरकुर केली नाही. पहिल्या आठवड्यात दोन गळालेल्या ओळी सापडल्या, तिसऱ्यात एक अख्खी नोंद. सापडलं की बाई समासात लिहीत आणि पाणबुडे तो क्रमांक आपल्या वहीत टिपून घेत. संपादक तिकडून जाई-येई, पण थांबत नसे.

सदतिसावा फर्मा आला त्या दिवशी दुपारी तो थांबला. दाराशी उभा राहिला.

पाणबुड्यांनी वाचायला सुरुवात केली. प्रोफाउंड, ठळक. विशेषण. एक, खोल. दोन, गाढ. त्यांनी उदाहरणं वाचली, अर्धविराम वाचले. तीन. चार. मग पाच. "वैद्यक, पूर्णविराम. बहिरेपणा, स्वल्पविराम, अपंगत्व इत्यादींविषयी, अपूर्णविराम," त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांना ते माहीत नव्हतं. "अतितीव्र, स्वल्पविराम, जवळजवळ पूर्ण."

 त्यांनी डावा तळवा टेबलावर सपाट ठेवला आणि विचारलं, "आहे?"

एक ठोका. मग दुसरा.

बाईंनी पेन्सिल घेऊन ती ओळ समासात लिहिली, सुवाच्य, सावकाश. लिहून झाल्यावर त्या त्यांच्याकडे न बघता, खाली मान घालूनच काहीतरी म्हणाल्या.

पाणबुड्यांची मान हलायला लागली होती. ती त्यांनी थांबवली.

"ऐकू आलं नाही, बाई," ते म्हणाले. "पुन्हा सांगा."

बाईंनी मान वर केली आणि पुन्हा सांगितलं.